घसरगुंडीच्या पायथ्याशी बिअर

महोदय,

मे महिन्यात मुंबईची भावंडं आली म्हणून पोरांना घेऊन अलिबागजवळच्या एका वॉटर पार्कला गेलो होतो. लहान मुलांच्या टाकीपासून वीस पावलांवर बिअरचा काउंटर! माझी सात वर्षांची पुतणी ट्यूब काखेत धरून घसरगुंडीच्या रांगेत उभी, आणि तिच्या मागे दोघे जण प्लास्टिकचे ग्लास सांभाळत ओला जिना चढताहेत. जीवरक्षकाला सांगितलं, तर तो बिचारा म्हणाला, "दादा, परवाना हाय त्यांचा."

असेलही. पण राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. ओल्या चड्डीत आलेल्याचं वय तिथे तपासतो कोण? फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये १९७१ पासून २०१२ पर्यंत पाहुण्यांना दारू मिळत नव्हती. गर्दी काही आटली नाही.

मी काही सोवळ्यातला नाही, ताजी माडी मलाही चालते. पण निदान काउंटर जेवणघरात न्या आणि ग्लास घेऊन कुणाला पाण्याकडे सोडू नका.

— एक पालक, पेण