तबक उद्यानातली झाडं रोपवाटिकेत का नाहीत?

रविवारी आम्ही उभयतां पन्हाळ्याच्या तबक उद्यानात गेलो. कोल्हापूरपासून जेमतेम २० किलोमीटर. तरी बहुतेक मंडळी तीन दरवाजा, सज्जाकोठी उरकून झुणका-भाकरीकडे वळतात. (भाकरीला आमचीही ना नाही.) आत दाट सावली, पायाखाली कुरकुरणारा पाचोळा. हिला तिथून हलवणं कठीण झालं.

परतताना एका रोपवाटिकेत जांभूळ, बेहडा, सीताअशोक अशा देशी झाडांची रोपं मागितली. मालकांनी शोभेचे अरेका पाम आणि फायकस पुढे केले, वर प्लास्टिकच्या हिरवळीचा दरही सांगितला! गिऱ्हाईक मागत नाही म्हणून ठेवत नाही, हे त्यांचं उत्तर. सामाजिक वनीकरण विभागाने मृगाच्या तोंडावर टाउन हॉल बागेपाशी देशी रोपांची विक्री ठेवावी. गिऱ्हाईक नक्की येईल.

– एक वाचक, कोल्हापूर