तीजनबाईंना पुन्हा ऐकताना

नागपूर,
18 जानेवारी 2015

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

तीजनबाईंची पंडवानी, ती छत्तीसगडी बोलीत गाऊन-बोलून सांगायची पांडवांची कथा, पुन्हा ऐकून आलो. या वेळी सभागृहात नाही, दुर्गजवळच्या एका खेड्यात, उघड्यावर, तणसावर बसून. फोनवर हे नीट सांगणं होणार नाही आणि तुला सांगितल्याशिवाय राहवणारही नाही, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकलं तेव्हा तू शेजारी होतास. आठवतं ना, इथेच नागपुरात, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी? कार्यक्रमानंतर आपण धरमपेठेपर्यंत चालत आलो आणि सगळ्या रस्ताभर तू त्या तंबुऱ्याबद्दलच बोलत होतास.

तू तेव्हा म्हणालास ते मला आजही पटतं. मोरपिसं बांधलेला तो तंबुरा खांद्यावर चढला की भीमाची गदा, आडवा धरला की अर्जुनाचं धनुष्य, आणि दुःशासन द्रौपदीला सभेत ओढून आणतो तेव्हा तिचे केस. दुसऱ्या हातात करताल, तोंडात पान, गळ्यात चांदीचा सुता, आणि आवाज असा भरदार की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, भीम आपल्यालाच ललकारतो आहे. त्या दिवशी मी बाईंवरून नजर हलवली नव्हती. मागे काही माणसं हार्मोनियम, तबला, ढोलक घेऊन बसली होती, एवढंच काय ते लक्षात राहिलं.

या वेळी त्या माणसांमधल्या एकाने मला धरून ठेवलं.

पंडवानीत त्याला रागी म्हणतात. बाई गाता गाता थांबतात, बोलायला लागतात, तेव्हा प्रत्येक वाक्याच्या शेवटी हा हुंकार भरतो. कधी नुसतं ‘हव’, म्हणजे आपलं ‘हो’. कधी बाईंच्याच वाक्याचं शेपूट उचलून परत म्हणतो, कधी मधेच विचारतो, मग भीम काय म्हणाला? द्रौपदी काहीच बोलली नाही? प्रश्न अगदी साधे, समोर बसलेल्या पोराच्या मनात येतील असे. बाई वळून त्याला उत्तर देतात आणि ते उत्तर म्हणजेच पुढची कथा. तो पुढे ओढतो तेव्हा बाई धावतात. तो रेंगाळला की त्याही प्रसंगात खोल उतरतात. गाण्याची ओळ त्याने आणि बाकीच्यांनी उचलली की तेवढ्या वेळात बाई श्वास घेतात, पदर सावरतात, पुढच्या प्रसंगासाठी उभं राहण्याची ढब बदलतात. मी जसजसा ऐकत गेलो तसतसं मला दिसायला लागलं की सगळा डोलारा दोघांच्या खांद्यावर आहे. तरी नागपूरच्या त्या कार्यक्रमात मला एकच बाई दिसली होती, कारण तिथे त्याच्याखेरीज कुणीच हुंकार भरत नव्हतं. आपण सगळे गप्प बसून ऐकत होतो आणि शेवटी टाळ्या वाजवत होतो.

गावात तसं नव्हतं. धानाची कापणी-मळणी उरकलेली, छेरछेरा नुकताच होऊन गेलेला (पौष पौर्णिमेला तिकडे पोरं दारोदार जाऊन धान मागतात, तो सण). घराघरात धान्य आलेलं, लोक निवांत. बायका लेकरांना शालीत गुंडाळून पुढे बसल्या होत्या. बाईंनी बृंदावनबिहारीलालचा जयजयकार केला आणि तो मैदानातून दुपटीने परत आला. मग रागी ‘हव’ म्हणाला की माझ्या मागचा म्हातारा ‘हव’ म्हणायचा, त्याच्या बाजूची बाई मान हलवायची, आणि थोड्याच वेळात मीही म्हणायला लागलो होतो. रागी हा श्रोत्यांमधूनच उठून मंचावर गेलेला माणूस आहे, असं मला तिथे बसून वाटलं.

प्रसंग दुःशासनवधाचाच होता, आपण ऐकला तोच. पण राजा, तो प्रसंग तसा नव्हता! नागपुरात सगळी धाव त्या वधाकडे होती. तासाभरात आटपायचं, म्हणून गदा फिरली, छाती फुटली, रक्त निघालं, आपले श्वास अडकले. गावात मात्र बाईंना घाई नव्हती. त्या बराच वेळ द्रौपदीपाशी थांबल्या. सभेत ती एकेकाला प्रश्न विचारते, भीष्माला, द्रोणाला, आणि एकेक जण मान खाली घालतो. प्रत्येक नावानंतर बाई रागीकडे पाहायच्या. रागी विचारायचा, तेही गप्प? बाई म्हणायच्या, तेही गप्प. मैदानातल्या बायकांमधून चुकचुकण्याचा आवाज यायचा. हे इतक्या वेळा झालं की शेवटी ती लाज सभेतल्या पुरुषांपुरती राहिली नाही, आमच्यापर्यंत आली. मग केस मोकळे ठेवण्याची प्रतिज्ञा. तंबुरा डोक्यामागून पुढे आला आणि तीच बाई, आत्तापर्यंत दुःशासन होऊन ते केस ओढणारी, द्रौपदी होऊन ते हातात धरून उभी राहिली.

त्यानंतर वध झाला तेव्हा मला तो सूड वाटलाच नाही. इतकी वर्षं साठलेलं देणं भीम फेडतो आहे असं वाटलं. द्रौपदीपाशी तेवढा वेळ थांबल्यावाचून हे होत नाही, आणि तेवढा वेळ मंचावर एकट्या माणसाला पेलवत नाही. समोरून कुणीतरी विचारत राहावं लागतं.

आवाजाबद्दल तू विचारशीलच. बाई आता साठीला टेकल्या आहेत. वरच्या पट्टीतली ती धार थोडी उतरली आहे, खरं सांगतो. पण बोलण्याचा भाग आता मला गाण्याहून मोठा वाटतो. कुठे थांबायचं हे त्यांना इतकं ठाऊक आहे की ढोलक थांबल्यावर जी जागा मोकळी होते तिथेही कथा चालू असते.

आणखी एक गोष्ट रात्रभर डोक्यात होती. बाईंचं गाव गनियारी तिथून फार लांब नाही. पारधी समाजातली मुलगी, आजोळी ब्रजलाल या आजोबांच्या तोंडून सबलसिंह चौहानांचं महाभारत ऐकून ऐकून शिकली. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं पाठ. पहिला कार्यक्रम तेराव्या वर्षी, त्याच दुर्ग जिल्ह्यातल्या चंद्रखुरी गावात, दहा रुपये बिदागीवर. तेव्हा बायका पंडवानी गायच्या त्या वेदमती शैलीत, बसून. उभं राहून, गदा फिरवत, भीमासारखं गर्जत गायची ती कापालिक शैली, ती पुरुषांची. या मुलीने ती घेतली. गाते म्हणून समाजाने बाहेर काढलं, तर वेगळी झोपडी बांधून राहिली, शेजाऱ्यांची भांडीकुंडी मागून चूल पेटवली, आणि गाणं सोडलं नाही. पुढे नाटककार हबीब तन्वीरांनी ऐकलं, दिल्ली झाली, परदेश झाले, 1995 साली संगीत नाटक अकादमी, 2003 साली पद्मभूषण. हे सगळं तुलाही माहीत आहे. पण त्याच मुलुखात, त्याच मातीवर बसलेले म्हातारे पुरुष तिच्या प्रत्येक वाक्याला ‘हव’ म्हणत होते, हे मी कानांनी ऐकलं. भीम कसा लढला हे ती सांगणार आणि ते कबूल करणार. कुठल्याही पुरस्कारापेक्षा मला ते मोठं वाटलं, दिगंबर, आणि तिथे बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले.

कार्यक्रम संपायला बरीच रात्र झाली. थंडी चांगलीच पडली होती. मंडपाच्या कडेला चहाची टपरी होती, तिथे दोन शाळकरी मुली हातातली काठी तंबुऱ्यासारखी धरून एकमेकींना भीम-दुःशासन करून दाखवत होत्या. दुःशासन व्हायला दोघीही तयार नव्हत्या, त्यावरून भांडण. मी रागीला गाठायचा प्रयत्न केला, बोलायचं होतं. पण तो साथीदारांबरोबर पेटी-ढोलक बांधण्यात गुंतला होता, मग नुसता नमस्कार केला. त्यानेही हात जोडले.

तुला आता एक काम सांगतो. तुमच्या गावी लग्नानंतर गोंधळ घालतात तो मी तुझ्या बहिणीच्या लग्नात पाहिला होता. नाईक गोंधळी आख्यान लावतो आणि संबळ-तुणतुण्याबरोबर एक जण त्याला मधेमधे प्रश्न विचारतो, थट्टा करतो, अडवतो. तेव्हा मी त्याला नुसता हसवणारा समजून पाहिलं. आता मला त्याच्याकडेच पाहायचं आहे. पोवाड्यातला झीलकरी सूर धरतो, ‘जी जी’ म्हणतो, पण कथा विचारून पुढे नेणारा आपल्याकडे मला हाच दिसतो. ती मंडळी अजून येतात का? तो प्रश्न विचारणारा म्हातारा आहे का, की आता मुलगा करतो? प्रश्न बांधलेले असतात की ऐनवेळी सुचतात? सुट्टीत गावी जाशील तेव्हा त्यांच्यापाशी बसून हे विचार, आणि जमलं तर त्यांचं एखादं पूर्ण आख्यान फोनवर ध्वनिमुद्रित करून आण. पूर्ण हं, निवडक तुकडा नको.

आणि पुढच्या थंडीत चार दिवस मोकळे ठेव. नागपूरहून दुर्ग गाडीने चार-साडेचार तासांवर आहे. गोंदिया गेलं की जंगल सुरू होतं, मग डोंगरगडची टेकडी दिसते. धान निघाल्यावर तिकडे गावोगावी पंडवानी होते. बाईंचीच मिळेल असं नाही, पण त्यांच्याकडे शिकलेल्या मुली आता गातात. मला त्यांचे रागी ऐकायचे आहेत. वहिनींना आणि मुलांनाही आण, तणसावर सगळ्यांना जागा होते.

आईंना माझा नमस्कार सांग. उत्तर लवकर लिही.

तुझा,
विनायक