मावशींच्या तिसऱ्या डोसचं काय करू?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : रुग्णालयाचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या लसीकरणाबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. तालुक्याच्या एका सरकारी रुग्णालयात मी १९ वर्षं स्टाफ नर्स आहे.

गेल्या पावसाळ्यात एकदा सकाळची ड्यूटी नुकतीच घेतली होती. वॉर्डातल्या मावशी काळी पिशवी बांधायला वाकल्या आणि त्यांनी एकदम हात झटकला. काळी पिशवी म्हणजे साधा कचरा : केळीची सालं, चहाचे कप, बिस्किटांचे कागद. त्यात कॅन्युलाची, म्हणजे सलाईनसाठी शिरेत नळी घालायची सुई निघाली. रात्रपाळीत कुणीतरी घाईघाईत टाकलेली. त्या कुणातरीला मी नावं ठेवणार नाही. भरल्या वॉर्डात एकटी सिस्टर असली की हात कुठल्या बादलीकडे गेला ते तिचं तिलाही कळत नाही. मावशींनी अंगठा नळाखाली धरला, पदराला पुसला आणि पुढची पिशवी उचलली. म्हणाल्या, "सिस्टर, रजिस्टरात लिहू नका. ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल."

रंगांचा तक्ता आमच्या भिंतीवर आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांपासून तो आम्हाला पाठ आहे. रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग आणि बाळंतपणातली वार पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या नि ग्लोव्हज लाल पिशवीत, इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून आरपार जाणार नाही अशा डब्यात. कायाकल्पची, म्हणजे सरकारच्या रुग्णालय-स्वच्छता पुरस्काराची तपासणी जवळ आली की बादल्यांवर नवे स्टिकरसुद्धा लागतात. पिशव्यांवर बारकोड आहेत, ४८ तासांपेक्षा जास्त कचरा ठेवायचा नाही हेही ठाऊक आहे. पिशवीचा माग लागतो, पिशवी उचलणाऱ्या बाईचा लागत नाही, एवढंच.

कारण त्याच नियमांत आणखी एक गोष्ट लिहिली आहे. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणी करायची. जबाबदारी रुग्णालयाची. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. आम्ही विचारलं की ऑफिस म्हणतं, ते ठेकेदाराचे कामगार. ठेकेदार म्हणतो, लस देणं हे दवाखान्याचं काम.

हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर शंभरातल्या तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. एचआयव्हीचं हेच प्रमाण हजारात तीन. सगळे घाबरतात ते दुसऱ्याला, आणि ज्याच्यावर लस आहे त्याचं नाव कुणी काढत नाही. मावशींना तासभर समजावून आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात नेलं, कारण एचआयव्हीची लागण टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी बरी. तिथे कळलं की सहा वर्षं पिशव्या उचलणाऱ्या या बाईला हिपॅटायटिस बी चा एकही डोस मिळालेला नाही.

महोदय, आमच्याच लेबर रूममध्ये बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत त्याला आम्ही हीच लस टोचतो. त्याच बाळाची वार पिवळ्या पिशवीत घालून मावशी मागच्या शेडपर्यंत नेतात. बाळाचं कार्ड तयार होतं. मावशींचं कार्ड कुणी बनवायचं?

म्हणून मागणी छोटी आहे. सफाईच्या टेंडरमध्ये अट घाला, की प्रत्येक कामगाराचं लसीकरण कार्ड जोडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघणार नाही. लस मात्र रुग्णालयाच्या साठ्यातून द्या, ठेकेदारावर सोडाल तर कार्डं छापून येतील. ठेका बदलला तरी कार्ड कामगाराकडेच राहू द्या आणि पुढचा डोस जवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळू द्या. सुई टोचल्याची नोंद केली म्हणून कुणाला कामावरून काढता येणार नाही, असं परिपत्रकात स्पष्ट लिहा. 'कर्मचाऱ्यांची काळजी घ्यावी' असलं मोघम वाक्य नको, ते आमच्या फाइलीत आधीच चार वेळा आहे.

मावशींना पहिला डोस दिला, महिन्याने दुसराही दिला. तिसरा सहाव्या महिन्यात द्यायचा होता. त्याआधी ठेका संपला. नवीन ठेकेदाराच्या यादीत त्यांचं नाव नाही, आणि माझ्याकडे त्यांचा जो नंबर आहे तो लागत नाही. तारीख माझ्या डायरीत अजून तशीच आहे.

आपली,
एक स्टाफ नर्स