बाबांची शुगरची वही आणि माझी वही

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी माझ्या नैराश्याच्या औषधांबद्दल विचारलं, "गोळ्या सुरू होऊन इतके महिने झाले, नक्की फरक किती पडला?" आजूबाजूला ऑफिसची माणसं होती, म्हणून "बराच पडलाय" एवढंच बोलता आलं. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर तुम्हाला मिळायला हवं. आईलाही सावकाश वाचता यावं म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

बाबा, तुम्ही शुगरची वही ठेवता. उपाशीपोटीची, जेवणानंतरची, तारीखवार. लग्नातली जिलबी खाल्ली की दुसऱ्या दिवशीचा आकडा चढतो, पण तुम्ही घाबरत नाही, कारण साधारण तीन महिन्यांचं खरं चित्र एचबीए१सी या रक्ततपासणीत दिसतं हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या बाबतीत मात्र तुम्ही दोघं रोज फोनवरच्या आवाजावरून अंदाज बांधता. आवाज जरा बसलेला वाटला की आईची रात्र जाते. एका दिवसाच्या आवाजावरून खरंच काही ठरत नाही. म्हणून मीही वही ठेवते.

दर पंधरा दिवसांनी मी नऊ प्रश्नांचा एक तक्ता भरते. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. २००१ साली तो प्रसिद्ध झाला, आता जगभर वापरतात, मराठीतही आहे. कामात रस वाटतो का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष लागणं असे साधे प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं तेवढंच विचारलेलं असतं. अजिबात नाही म्हणजे ०, जवळजवळ रोज म्हणजे ३. बेरीज जास्तीत जास्त २७ होते. १० किंवा जास्त आली की डॉक्टरांनी नीट बघायला हवं, २० किंवा जास्त म्हणजे त्रास तीव्र. निदान या तक्त्यानं होत नाही, ते डॉक्टरांनीच केलं, तेही आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासून. पण उपचार लागू पडतोय का, हे त्यावरून कळतं. माझी बेरीज पहिल्यांदा १८ होती. मागच्या पंधरवड्यात ७ आली. बाबा, तुमच्या प्रश्नाचं आकड्यातलं उत्तर हे.

नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा आहे. तो तुमच्यापासून लपवावासा वाटत नाही. पहिल्या तक्त्यात तिथे मी शून्य लिहिलं नव्हतं. ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितलं. असे विचार आले तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, गोळ्यांचा साठा घरात किती ठेवायचा, हे सगळं त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं. आता कितीतरी तक्ते झाले, तिथे शून्यच आहे. आई, हे वाचून तुला रडू येईल. ये, पण मनात कुढत बसू नकोस, मला फोन कर. आणि १४४१६ हा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू झालेली. फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. घरच्यांनाही तिथे फोन करता येतो.

बरं वाटण्याचा क्रमही मला वहीमुळेच कळला. आधी झोप सुधारली, मग भूक लागू लागली. मन सगळ्यात शेवटी हललं. पहिल्या काही आठवड्यांत मला स्वतःला काहीच फरक जाणवत नव्हता, गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतोच. वहीत मात्र झोपेच्या रकान्यात पहाटे तीनच्या जागी साडेपाच दिसू लागलं होतं. ते दिसलं नसतं तर मी तेव्हाच हाय खाल्ली असती.

रोजचं लिहिणं फार नसतं. किती वाजता झोपले, किती वाजता जाग आली, आणि दिवसभरात केलेली एखादी गोष्ट. त्या गोष्टीपुढे दोन आकडे, दोन्ही दहापैकी. एक 'बरं वाटलं' चा, एक 'जमलं' चा. समुपदेशक मॅडमनी ही रीत शिकवली. सुरुवातीच्या दिवसांतलं एक पान तसंच्या तसं देते: "केस धुतले. बरं वाटलं २, जमलं ८." आई, तुला वाटेल केस धुण्यात काय मोठंसं. पण तेव्हा बादली भरायला उठणंसुद्धा डोंगराएवढं होतं. उत्साह आला की कामं करू, असं म्हणून बसलं तर या आजारात उत्साह येतच नाही. काम आधी करायचं, थोडंसं का होईना, मन मागून येतं. हल्ली पानांवर "मंडईतून मेथी आणली, निवडली, भाजी केली" असलं काहीबाही असतं आणि दोन्ही आकडे जवळजवळ येऊ लागलेत.

वहीच्या मागच्या बाजूला वेगळा हिशेब आहे. बाबा, तुम्ही विवेकनिष्ठ उपचारपद्धतीबद्दल वाचलेलं असेल. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसांत रुजवली. त्यात घटना, त्यामागचा आपला विचार आणि त्यातून झालेला परिणाम असे तीन भाग करायचे. साहेबांनी माझ्या अहवालावर काही उत्तर दिलं नाही, ही घटना. "माझं काम उत्तमच झालं पाहिजे, नाहीतर मी कुचकामी" हा विचार. आणि दुपारभर छातीत धडधड, हा परिणाम. लिहिल्यावर त्या 'झालंच पाहिजे' वर बोट ठेवता येतं. उत्तम झालं तर हवंच आहे, नाही झालं तरी मी कुचकामी ठरत नाही, असं त्याखाली लिहायचं. डोक्यात घोळवून हे होत नाही, लिहावंच लागतं.

आई, आणखी एक. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस माझं मन हमखास खाली जातं, हे दोन-तीन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर दिसलं. त्याआधी दर वेळी वाटायचं, आजार परत उलटला. आता त्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये आधीच खूण करून ठेवते आणि कामं हलकी ठेवते. डॉक्टरांनाही ते दाखवलं.

दादानं पाठवलेलं झोप मोजणारं घड्याळ मी वापरत नाही, त्याला वाईट वाटायला नको. झोपेचे टप्पे ते अंदाजानंच सांगतं, आणि सकाळी उठल्याबरोबर आकडा बघून मी ताज्या अंगानंही थकायला लागले होते. मोबाइलवरची ॲपही तशीच. एक दिवस चुकला की हिरमोड करतात. माझ्या वहीत राहिलेला दिवस कोरा राहतो, बस्स.

गोळ्या कधी बंद होणार, तेही सांगते. पूर्ण बरं वाटू लागल्यावरसुद्धा निदान सहा महिने चालू ठेवायच्या असं डॉक्टर म्हणालेत, म्हणजे आजार उलटण्याची भीती कमी होते. मग हळूहळू कमी करायच्या, एकदम सोडायच्या नाहीत. यांचं व्यसन लागत नाही. शेजारचे काका काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नका.

आता तुमच्याकडून मला काय हवं ते. फोनवर "बरी आहेस ना?" असं विचारलंत की माझ्या तोंडून "हो" च निघतं. त्यापेक्षा "आज काय केलंस?" असं विचारा. त्यावर मला खरं उत्तर देता येतं, आणि तुम्हालाही खरं कळतं. दुसरं, सोबत एका पानाची झेरॉक्स आहे. माझी तब्येत परत बिघडू लागली तर आधी काय दिसेल, ते मी मॅडमबरोबर बसून लिहिलंय: फोन न उचलणं, दुपारी झोपून राहणं, सिंकमध्ये भांडी साठणं, वही बंद होणं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आठवडाभर चालल्या तर बाबांनी सरळ गाडी पकडून यायचं, मला विचारत बसायचं नाही. पानावर डॉक्टरांचा नंबर आहे.

आणि आई, तूही हल्ली पहाटे तीनला उठून बसतेस, असं बाबा म्हणाले. वयानं झोप कमी होते हे खरं, पण तुझं जेवणही कमी झालंय. नऊ प्रश्नांचा एक कोरा तक्ता पाकिटात घातलाय. बाबांना वाचायला सांग, तू उत्तरं दे. रविवारी सकाळी अकराला मी फोन करते, तेव्हा तो हाताशी ठेव. मग आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे कधी जायचं ते ठरवू.

तुमची लेक