समृद्धीवर निघताना मागच्या सीटकडेही पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समृद्धी महामार्गावरील अपघातांच्या बातम्यांत वेग, चालकाला लागलेली डुलकी आणि फुटलेला टायर ही कारणे आलटून पालटून वाचायला मिळतात. चालकाचे काय चुकले यावर त्यामुळे पुष्कळ लिहिले जाते. गाडीत मागे बसलेली माणसे कशी बसली होती, त्यांनी पट्टे लावले होते का, याचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा हा रस्ता सलग वापरात आला असून त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. एरवी गावात आणि तालुक्याच्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाने फिरणारी घरची गाडी सुट्टीत सहा माणसे आणि डिकीभर सामान घेऊन या रस्त्याला लागते, पण आतल्या बसण्याच्या सवयी गावातल्याच राहतात. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. शिवाय पाच जणांच्या गाडीत बसवलेल्या सहाव्या माणसासाठी पट्टाच नसतो.

नव्या गाडीला सीट कव्हर घालून देणाऱ्या कोणत्याही दुकानात थोडा वेळ थांबले, तर या दुर्लक्षाची सुरुवात कुठे होते ते दिसते. मागचे आसन उचलून कारागीर कव्हर ताणतो, पट्ट्यांची बकले सीटच्या फटीतून खाली ढकलतो आणि आसन पुन्हा दाबून बसवतो. 'मध्ये टोचतात म्हणून खाली घातली' असे कौतुकाने सांगितले जाते आणि ग्राहकही मान डोलावतो. पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगची खूण शिवलेली असतानाही त्यावर जाड कव्हर घट्ट चढवले जाते, म्हणजे वेळ आली तर त्या एअरबॅगने आधी कव्हर फाडायचे आणि मग फुगायचे. ज्या सुरक्षेसाठी ग्राहकाने लाखो रुपये मोजले, ती काही हजारांच्या रेक्झिनखाली पहिल्याच आठवड्यात गाडली जाते.

पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी, असे मागच्या सीटवरील दोघेही दगावले. दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. गाडी उत्तम, एअरबॅग असलेली होती. परंतु एअरबॅग ही पट्ट्याला पूरक म्हणून बनवलेली असते, पट्ट्याऐवजी नव्हे. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतील सर्वांना पट्टा सक्तीचा असल्याचे जाहीर केले आणि अनेकांना तो नवा नियम वाटला. वस्तुतः केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या प्रवाशांसाठीची तरतूद फार आधीपासून आहे, आणि कायद्याच्या कलम १९४ बी नुसार पट्टा न लावल्यास, तसेच १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित न बसवल्यास, हजार रुपये दंड आहे. दंड पुढच्या सीटवर होतो आणि मागे कोणी वाकून पाहत नाही, एवढाच काय तो फरक. पट्ट्याची सूचना देणारा आवाज बंद करण्यासाठी बकलात खोचायच्या क्लिपा ऑनलाइन विक्रीतून हटवण्याचे आदेश ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये दिले, हे चांगले झाले; पण पट्टा पाठीमागून घेऊन बकल लावण्याची युक्ती करणाऱ्याला क्लिप कशाला लागते?

पट्टा लावला तरी तो कसा लावला यावर बरेच अवलंबून असते. खालचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर टेकला पाहिजे, आणि गर्भवती स्त्रियांनी तो पोटाच्या खालून घेतला पाहिजे. सीट आडवी करून, पाय डॅशबोर्डवर टाकून झोपलेला शेजारचा प्रवासी या महामार्गावर नेहमी दिसतो. धडकेच्या वेळी तो पट्ट्याखालून पुढे सरकतो आणि पट्ट्याचा सगळा भार पोटातल्या अवयवांवर येतो. पुढच्या सीटवर मुलाला मांडीवर घेऊन बसणे याहून वाईट, कारण मागून मोठ्या माणसाचे वजन आणि पुढून फुगणारी एअरबॅग यांच्या मध्ये ते मूल असते.

टायरविषयी आणखी एक घट्ट बसलेला गैरसमज आहे. उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापून फुटू नयेत म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असा सल्ला गॅरेजपासून घरापर्यंत सगळे देतात. प्रत्यक्षात उलटे घडते. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्यातूनच उष्णता तयार होते आणि तासन्‌तास १२० चा वेग राखला की ती भिंत आतून कमकुवत होत जाते. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो, आणि बहुतेक गाड्यांत भरलेल्या गाडीसाठी तो वेगळा, जास्त दिलेला असतो. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तो भरायचा नसतो. हवा टायर थंड असताना तपासावी आणि वाटेत तापलेल्या टायरमधून ती काढू नये. नायट्रोजन भरला म्हणून ही तपासणी टळत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्याने बाद ठरतो. पण नक्षी शाबूत असलेला जुना टायरही फसवू शकतो, विशेषतः गाडी वर्षभर दारात उभी असेल तर. बाजूवरील 'डॉट' क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीचे वयही तसेच पाहावे. ती आकाराने लहान असेल, तर तिच्यावर साधारण ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते.

महामार्गाच्या प्रवेशनाक्यांवर परिवहन विभागाने अधूनमधून टायर तपासणीच्या मोहिमा घेतल्या आहेत. त्याच वेळी मागचे दार उघडून बकले वर आहेत का एवढे पाहिले, तर फार मनुष्यबळ लागणार नाही. मागची बकले झाकून कव्हर बसवणाऱ्या दुकानांना विभागाने लेखी समज द्यावी. पेट्रोल पंपांवर हवेची मोफत सोय असणे बंधनकारक असताना अनेक ठिकाणी ते यंत्र बंद किंवा चुकीचा दाब दाखवणारे असते. त्याची तपासणी निदान सुट्ट्यांच्या आधी व्हावी. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे की, अपघाताची बातमी देताना कोण कुठे बसले होते, पट्टे लावलेले होते का आणि टायर किती सालचे होते, हे पोलिसांना विचारून छापावे.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर