बाबा, इसार देऊन झालाय

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर नव्या घराचा विषय निघाला की बाबा, तुम्ही फोन आईच्या हातात देता आणि आई, तू "त्यांनाच विचार गो" म्हणून मोकळी होतेस. म्हणून पत्र लिहितेय. पत्र असं मधेच दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येत नाही.

आधी मुद्द्याचं सांगते. साखरप्याकडच्या त्या कंत्राटदाराला मी मंगळवारी इसार दिला. ९६ हजार. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करारही झाला (शंभराचा आता चालत नाही). १ डिसेंबरला, सोमवारी, तो आखणी करायला येईल.

बाबा, चष्मा काढून ठेवू नका. पुढे वाचा.

दसऱ्याला तुम्ही म्हणालात, "आमच्या डोळ्यांदेखत घर पाडू नका." अहो, कोण पाडतंय? जुन्या घराचं एक कौलही हलणार नाही. ओटी, माजघर, देव, सगळं जिथल्या तिथे. गोठा पडल्यापासून मागे जी जागा मोकळी आहे, तिथे २४ बाय २० चं छोटं घर होईल. ४८० चौरस फूट. एक खोली, स्वयंपाकघर, पुढे पडवी आणि संडास-बाथरूम आत. घराच्या आत. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

श्रावणात तुम्ही मागच्या पायऱ्यांवर घसरलात ते मला चार दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या वहिनींकडून. मनगटावर निभावलं म्हणून तुम्हाला ते "थोडं मुरगळलं" वाटतं. मला वाटत नाही. अकरा पायऱ्या आहेत त्या, शेवाळलेल्या. मला पाठ आहेत, कारण लहानपणी पावसात रात्री जायची वेळ आली की आई कंदील धरून पुढे व्हायची आणि मी मागून तिचा पदर धरून मोठ्याने मोजायचे. सातवी पायरी डुगडुगायची. आई न सांगता तिथे हात मागे करायची. आता तीच आई, दोन्ही गुडघे गेलेले असताना, रात्री दोन वाजता मोबाईलची बॅटरी धरून तुमच्या पुढे उतरते. गणपतीत मी आतून पाहत होते. मला हाक मारता आली नाही.

तर आता पैशाचं. तुम्हाला हिशेब दिल्याशिवाय झोप लागायची नाही आणि तुम्ही अर्धवट हिशेब कोणाकडून कधी घेतलेला नाही.

तीन ठिकाणी चौकशी केली. एकाने मालासकट चौरस फुटाला १,७५० सांगितले. ऐकायला गोड. पण फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, रंग, कमोड, शोषखड्डा, सगळं त्याच्या बाहेर. म्हणजे चार भिंती, वर स्लॅब आणि राम राम. दुसरा नुसत्या मजुरीवर ३८० ला तयार होता, माल आपण आणायचा. तिसरा हा साखरप्याचा. त्याने २,१०० सांगितले, फरशी-रंगापर्यंत सगळं धरून. घासाघीस करून २,००० वर आणला. ९ लाख ६० हजार झाले. त्याबाहेर शोषखड्डा ३५ हजार, टाकी आणि मीटरपासूनची वीज मिळून २८ हजार. वर-खाली होतंच, त्याला ७५ हजार बाजूला ठेवलेत. एकूण १० लाख ९८ हजार. अकरा म्हणा.

तुम्ही कॅलेंडरच्या मागे मांडलेला हिशेब साडेसात लाखांचा आहे. आईने फोटो पाठवला होता. तो चुकलेला नाही. मजुरीवर काम दिलं, चिरा थेट खाणीवरून उचलला, खडी-वाळू ब्रासच्या भावाने स्वतः ठरवली तर साडेसात-आठात बसेल. पण मग खाणीवर कोण जाणार? सिमेंट संपलं म्हणून गवंडी हात बांधून बसला की देवरुखला कोण धावणार? स्लॅबचा साचा बांधणारा सेंट्रिंगवाला सांगितल्या दिवशी आला नाही तर त्याच्या दारात कोण उभं राहणार? मला शनिवार-रविवारशिवाय येता येत नाही, दादा मस्कतला. राहिलात तुम्ही. वय ७४. तेव्हा वरचे तीन लाख मी घराला देत नाहीये, तुम्ही खुर्चीत बसून राहावं म्हणून देतेय, असं समजा. मला ते महाग वाटत नाहीत.

"सिमेंटचा भाव उतरू दे, घाई कशाला?" असं म्हणता ना? तर तो उतरला. २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. पिशवीमागे पंचवीस-तीस रुपये. आपल्याला दोनशेच्या आसपास पिशव्या लागतील, म्हणजे वाचले किती, सहा हजार. घासाघिशीत तेही मी त्याच्याकडून काढून घेतले. यापेक्षा थांबण्यात राम नाही. आणि यंदा पाऊस कधी आला आठवतं ना? २५-२६ मेला! मृगाच्या भरवशावर बसलेल्यांचे पत्रे टाकायचे राहिले. आपला स्लॅब फेब्रुवारीअखेर पडला पाहिजे, एप्रिलमध्ये फरशी, मेच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही आत. म्हणून आत्ता. संक्रांतीनंतर बघू, शिमग्यानंतर बघू, असं करत आपण किती वर्षं काढली ते मी बोलत नाही.

पैसे एकदम द्यायचे नाहीत. इसार दहा टक्के, जोतं झालं की वीस, भिंती लिंटेलला, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्याला आल्या की वीस, स्लॅबला पंचवीस, प्लास्टर-फरशीला पंधरा. उरलेले दहा टक्के पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर, भिंतीला ओल नाही हे पाहून. या शेवटच्या अटीवर तो जरा कुरकुरला. मी म्हटलं, मी कंडक्टरची मुलगी, शेवटचा स्टॉप आल्याशिवाय तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल बंद करत नाही. हसला आणि सही केली. त्याची दोन घरं मी ऑगस्टमध्ये, भर पावसात जाऊन पाहिली आहेत. कोपऱ्यात हात लावून पाहिलं. कोरडे होते.

इतकी सावध मी का झाले, तेही सांगून टाकते. दादालाही माहीत नाही. एप्रिलमध्ये मी आणखी एकाला ४० हजार दिले होते. ओळखीतून आलेला, गोड बोलायचा, "ताई, चिरा आत्ताच बुक केला नाही तर भाव वाढेल." कागद नाही, पावती नाही. पंधरा दिवसांनी फोन लागेना. ते पैसे गेले. तुमच्या त्या मिस्त्रीच्या वेळी मी तुम्हाला काय काय बोलले होते, मला सगळं आठवलं. तेव्हा बारावीत होते, अक्कल फार होती. बाबा, माफ करा. आणि या ४० हजारांवरून आईला रडायला लावू नका. वरच्या हिशेबात ते धरलेले नाहीत, माझे मी सोसले.

काकांशी बोलले. हो, तुम्हाला न विचारता बोलले. वाटपात तो तुकडा तुमच्या एकट्याच्या वाट्याला आहे, हे मला माहीत आहे. तरी ग्रामपंचायतीत घराच्या असेसमेंटला त्यांचं नाव अजून आहे, उद्या कोणी बोट ठेवायला नको म्हणून लेखी संमती घेतली. मी तयारी करून गेले होते. त्यांनी कागद नीट वाचलासुद्धा नाही. सही केली आणि म्हणाले, "पडवीत एक खुर्ची माझी ठेवा." काकू आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तुम्ही दोघांनी आता काय ते बघा. मी सही आणली, पुढचं माझं काम नाही.

आई, आता तुझं. स्लॅबखाली उकडेल हे खरं आहे. म्हणून उंची दहा फूट धरलीय, समोरासमोर खिडक्या आहेत आणि पुढच्या वर्षी जमलं तर वर पत्र्याची शेड टाकू, मग ऊन थेट बसणार नाही. कौलं मलाही हवी होती. पण मे महिन्यात कौलं चाळायला वर कोण चढणार? माकडांनी फोडलेली बदलायला कोण? बाबांना शिडीला हात लावायचा नाही म्हटलं की ते तू झोपल्यावर लावतात, हे मला ठाऊक आहे. ओटा तुझ्या उंचीचा होईल, दुकानातल्यासारखा उंच नाही. तू एकदा उभी राहून कोपरापर्यंतचं माप सुतळीने घेऊन ठेव. चूल जुन्या घरात आहे तशी राहील. बाथरूमला खरखरीत फरशी, उंबरठा नाही, कमोडच्या बाजूला धरायला दांडी, आणि दार बाहेर उघडणारं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं, बाहेरच्याला ढकलता येत नाही. लिहायला बरं वाटत नाही, पण विचार करावा लागतो. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांवर, उताराच्या बाजूला. पुढे पायऱ्यांबरोबर उतरणही आहे. जोतं दीड फूट, फूटभर उंचीला बारा फूट उतार धरला तर अठरा फूट लांब होते. कंत्राटदार म्हणाला, एवढी कशाला, सहा फुटांत बसवतो. मग ती घसरगुंडी होईल, दादा पोरांना घेऊन आला की त्यांच्या कामाची. अठराच सांगितली.

मुख्य दाराला फणस. तौक्तेत पडलेल्या आपल्या फणसाच्या फळ्या माळ्यावर साडेचार वर्षं सुकतायत, त्यातून चौकट आणि दार दोन्ही निघेल असं सुतार म्हणाला. वाळवी लागली नसेल ना, तेवढं पाहा. म्हणजे कोणाला तरी वर चढवून पाहा.

भिंती चिऱ्याच्याच. अठराशे ते दोन हजार चिरे लागतील, एका ट्रकात तीनशेच्या आसपास येतात. खांब नाहीत, पण लिंटेलच्या पातळीला सगळ्या भिंतींवरून सळईचा काँक्रीट पट्टा फिरवायचा, हे इंजिनिअरने निक्षून सांगितलं. आपला भाग कोयनेच्या भूकंपाच्या पट्ट्यातला. तो हे सांगत होता आणि मला तुमची गोष्ट ऐकू येत होती. १९६७ चा डिसेंबर, ११ तारखेची पहाट, आजोबांनी तुम्हाला गोधडीसकट अंगणात ओढलं आणि मग म्हैस सोडायला परत आत गेले. या काँक्रीट पट्ट्यावर मी घासाघीस केली नाही.

बाबा, "मुलीच्या पैशात राहायचं नाही" हे मला आईकडून कळलं. तुम्ही माझ्या तोंडावर नाही म्हणालात, तेवढी लाज राखलीत. दादाचे तीन लाख आहेत. माझी चार लाखांची एफडी मोडली, ती तशीही मुदतीला आलीच होती. उरलेलं पतपेढीचं कर्ज, हप्ता माझ्या पगारातून सहज जातो. तुमच्या जावयांनी एका शब्दाने विचारलं नाही, सोन्याला हात लावलेला नाही. १९९८ ला माझ्या डी.एड.साठी तुम्ही सोसायटीचं कर्ज काढलंत, ते फिटेपर्यंत नवी चप्पल घेतली नाहीत. मी काही बोलले का, की बापाच्या कर्जावर शिकायचं नाही? रात्री ड्युटीवरून आलात की चामडी पिशवी माझ्यापुढे उपडी करायचात. मी चिल्लरीचे ढीग लावायचे, दहाचे, पंचवीसचे, पन्नासचे. एक नाणं जास्त निघालं तर तुम्ही ते दुसऱ्या दिवशी डेपोत भरायचात, आणि मला वाटायचं, द्यायचं ना मला गोळीला.

तर काम असं. नवी दोनशे पानी वही कुरिअरने पाठवतेय. चिऱ्याचा ट्रक आला की मोजून लिहायचं, तुटके वेगळे. रोज संध्याकाळी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या मोजायच्या. माल कंत्राटदाराचा आहे, म्हणजे सिमेंट वाचलं तर त्याचं आणि स्लॅब गळला तर आपला. स्लॅबच्या दिवशी पंचेचाळीस ते पन्नास पिशव्या रिकाम्या झाल्या पाहिजेत. एका पिशवीला दीड माप वाळू, तीन माप खडी. वाळू खाडीची दिसली तर तिथेच थांबवून मला फोन करायचा. खारी वाळू सळई खाते. करारात क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, लिहिलीय. स्लॅबवर आळी करून चौदा दिवस पाणी तुंबवायचं, ते बिगारी करेल. तुम्ही वर जायचं नाही. पाइपही धरायचा नाही. खुर्ची, वही, टोपी. आई, गवंड्यांना चहा सकाळी एकदा, दुपारी एकदा, बस. तू त्यांना भाकऱ्या भाजून घालायला लागलीस तर मी आखणीच थांबवेन. आणि गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतर, रिकाम्या पोटी नाही.

२९ नोव्हेंबरला, शनिवारी, मी येतेय. आखणी होईपर्यंत राहीन, रजा टाकलीय. तोवर रात्री मागे जायचं झालं तर दोघांनी जाऊ नका. एकाने वर उभं राहून बॅटरी धरायची, एकाने कठडा धरून उतरायचं. सातव्या पायरीखाली मी गणपतीत दगडाची कपची सारली होती, ती सरकली नाही ना ते दिवसा पाहून ठेवा.

तुमची,
बाबी

ता. क. आई, तुझा सोनचाफा नकाशात बरोबर स्वयंपाकघराच्या भिंतीत येत होता. घर दोन फूट विहिरीच्या बाजूला सरकवलंय. चाफ्याच्या बुंध्यापासून जुन्या गोठ्याच्या जोत्यापर्यंत नेमकं किती, तेवढं दोरीने मोजून उद्या फोनवर सांग. तू मोज. बाबा वाकून मोजतील आणि मग कंबर धरून बसतील.