व्हॅक्यूम क्लीनरला दहापैकी नऊ, पण कुठल्या फरशीवर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘दिवाळीच्या साफसफाईसाठी पाच उत्तम व्हॅक्यूम क्लीनर’ हा मजकूर वाचला. प्रत्येक यंत्राला दहापैकी गुण दिले आहेत, पहिल्याला 9.2. हा दशांश कुठून आला, याचा शोध मी तो मजकूर तीनदा वाचून घेतला. यंत्र कुणी चालवलं, कशावर चालवलं, ते विकत आणलं की कंपनीने पाठवलं, यातलं काहीच त्यात नाही. मी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं सहायक होते. निरीक्षणांचा तक्ता न जोडता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलांच्या वह्या आमचे सर परत करायचे. म्हणून हे पत्र.

आधी माझी फजिती सांगते. तीन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन तारे पाहूनच व्हॅक्यूम क्लीनर मागवला. पाचपैकी 4.4 तारे आणि हजारो अभिप्राय. खोक्यात यंत्राबरोबर एक गुलाबी कार्ड निघालं : पाच तारे देऊन त्याचा फोटो पाठवा, वॉरंटी सहा महिने वाढवून मिळेल. मी पाठवला. खोटं कशाला बोलू? यंत्र अजून प्लगलासुद्धा लावलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात ते कुंथायला लागलं, तेव्हा ते जुने अभिप्राय सावकाश वाचले. निम्म्यांत ‘पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत’ एवढंच होतं. काही तर चक्क मिक्सरबद्दल होते. चटणी बारीक होते म्हणे!

अशा ताऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं. अभिप्राय लिहिणारा खरा आहे का हे तपासा, विकत घेतलेले अभिप्राय छापू नका, असं त्यात सांगितलं होतं. पण आणताना ते ऐच्छिक ठेवलं. गुलाबी कार्ड छापणारा ऐच्छिक गोष्ट कशाला पाळेल? त्यामुळे ताऱ्यांबद्दल माझं मत झालेलं आहे आणि त्यावर आणखी शाई घालवत नाही.

खरा प्रश्न प्रामाणिक चाचण्यांचा आहे. अशा चाचण्या जगात होतात. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था 1936 पासून चालू आहे. ती जाहिराती घेत नाही, चाचणीची यंत्रं आपल्यासारखी दुकानातून पैसे मोजून आणते. जर्मनीत 1964 पासून श्टिफ्टुंग वारेनटेस्ट आहे. ती तिथल्या शाळेसारखे गुण देते, म्हणजे 1 सगळ्यात चांगला. आपल्याकडे अहमदाबादची सीईआरसी आणि दिल्लीची कन्झ्युमर व्हॉइस या ग्राहक संस्था वस्तूंच्या तुलनात्मक चाचण्या करत आल्या आहेत. ही मंडळी विकली गेलेली आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी जे मोजलं ते बरोबरच मोजलं असणार. ते माझ्या घरातलं मोजमाप नाही, एवढंच.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही चाचणी कशी होते पाहा. विल्टन जातीच्या गालिच्यावर डोलोमाइट या खनिजाची बारीक वाळू ठरावीक वजनाने पसरतात, यंत्र ठरावीक वेगाने पुढे-मागे फिरवतात आणि किती धूळ गोळा झाली ते वजन करून पाहतात. कडक फरशीसाठी फट असलेली एक पाटी असते. खोलीचं तापमान 23 अंशांच्या आसपास, आर्द्रता निम्म्याला. प्रयोग म्हणून हे चोखच आहे. परिस्थिती बांधून ठेवली नाही तर दोन यंत्रांची तुलना कशी करणार? पण 23 अंश! इथे नागपुरात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि मध्यरात्रीही 23 दिसत नाही. गालिचा आमच्याकडे आहे, लग्नात मिळालेला. तो पलंगाच्या पेटीत असतो.

आमच्या घरात कोटा फरशी आहे, सांधे झिजून रुंद झालेले. खिडकीला कूलर आहे, तो बाहेरची हवा ओढतो आणि तिच्याबरोबर सिमेंट रोडच्या कामाचा धुरळाही. कूलरच्या जाळीतली घास ओली असली तरी बारीक भुकटी आत येतेच, आणि दमट हवेत ती फरशीला अशी धरते की झाडूने नुसती जागा बदलते. शेवटी पोछाच. कापसाच्या गाद्या आहेत, त्यांतून तंतू निघतात. तंतू आणि दमट भुकटी एकत्र आली की फिल्टरवर पापडासारखा थर बसतो आणि हवा अडते. मोटार त्याच हवेवर थंड राहत असते. माझं यंत्र मे महिन्यात दहा मिनिटांत आपोआप बंद पडायचं ते यामुळेच. इतवारीतल्या मेकॅनिकने ते उघडलं, मोटारीला वीज पोचवणारे, झिजलेले कार्बन ब्रश काढून हातावर ठेवले आणि विचारलं, “काकू, याच्यात सिमेंट ओढलं का जी?” बाई, सिमेंटच म्हणायचं ते!

यंत्र दुरुस्त होऊन आल्यावर मी घरीच चाचणी घेतली. डोलोमाइटच्या जागी रांगोळी घेतली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर 100 ग्रॅम तोलली. रिकाम्या पिशवीने जवळजवळ सगळी रांगोळी उचलली. मग आठवडाभर घर झाडून पिशवी अर्ध्याच्या वर भरू दिली आणि पुन्हा तेवढीच रांगोळी पसरली. या खेपेला सांध्यांमधली तशीच राहिली. काट्यावर पाहिलं तर एक तृतीयांशाहून जास्त मागे उरलेली. यजमान म्हणाले, आता उरलेलीवर हळदीकुंकू वाहा.

हा रिकाम्या पिशवीचा मुद्दा माझ्या एकटीचा नाही, तो युरोपात कोर्टात गेला होता. युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2014 पासून व्हॅक्यूम क्लीनरवर ऊर्जेचं लेबल सक्तीचं केलं, आपल्या फ्रिजवर असतं तसं, फक्त ताऱ्यांऐवजी A, B अशी अक्षरं असलेलं. त्यासाठीची चाचणी रिकाम्या पिशवीने व्हायची. डायसन कंपनीने त्याविरुद्ध दावा लावला. ती बिनपिशवीची यंत्रं विकते, म्हणजे हेतू समाजसेवेचा नव्हता हे उघड आहे. पण मुद्दा रास्त होता. पिशवी भरत गेली की यंत्राची कामगिरी बदलते, मग लेबल खऱ्या वापराचं कसं? एकदा हरून, अपील करून, अखेर नोव्हेंबर 2018 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि जानेवारी 2019 पासून ते लेबलच रद्द झालं. जवळजवळ साडेचार वर्षं लोक दुकानात उभे राहून ज्या अक्षरावर यंत्र निवडत होते, ते अक्षर रिकाम्या पिशवीचं होतं.

आपल्या पुरवणीत ‘1800 वॅट, म्हणून ओढ जबरदस्त’ असंही एक वाक्य आहे. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं. ओढ किती हे त्यावरून कळत नाही, ते पंखा, नळी, फिल्टर आणि तोंडाच्या ब्रशवर अवलंबून असतं. त्याच युरोपने 2014 मध्ये 1600 वॅटची आणि 2017 मध्ये 900 वॅटची कमाल मर्यादा घातली, तरी तिथली घरं अस्वच्छ राहिली नाहीत. जास्त जेवणारा जास्त काम करतो असं कुठे असतं? आमच्या ऑफिसात तर उलटच होतं.

माझी मागणी साधी आहे. यंत्रांना गुण छापायचे असतील तर खाली चार ओळी द्या : यंत्र कुणाच्या पैशाने आलं, कुठल्या फरशीवर चाललं, पिशवी किंवा डबा भरलेला असताना तपासलं का, आणि मजकुरातल्या क्यूआर कोडवरून खरेदी झाली तर कुणाला कमिशन मिळतं का. शेवटची ओळ तर सौजन्याचीसुद्धा बाब नाही. शिफारस करणाऱ्याचे विकणाऱ्याशी लागेबांधे असतील तर ते उघड करा, असं केंद्राच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. आणि फिल्टर, कार्बन ब्रश नागपुरात मिळतात का, तेही जमल्यास लिहा. मला माझ्या यंत्राच्या फिल्टरसाठी सीताबर्डीत चार दुकानं फिरावी लागली आणि शेवटी तो पुण्याहून भाच्याने पाठवला.

रांगोळीची अर्धी पुडी अजून शिल्लक आहे, काटाही आहे. यादीतलं 9.2 वालं यंत्र आपल्या कार्यालयात असेल तर कुणाबरोबर तरी नंदनवनात पाठवून द्या. पिशवी मात्र आठवडाभर वापरलेली हवी.

आपली,
एक नियमित वाचक
नंदनवन, नागपूर
(कृपया नाव छापू नये. मेकॅनिक पत्र वाचतो.)